सेवा की वेठ?

सेवा हा शब्द आपल्या संप्रदायात फार मोलाचा. वारीच्या वाटेवर दमलेल्याचे पाय चेपणारा, पाण्याची घागर घेऊन उभा राहणारा, तळावर सर्वांच्या आधी उठून चूल पेटविणारी माउली, या सर्वांपुढे आपले मस्तक आपोआप लवते. परंतु ज्या नाण्याला बाजारात किंमत अधिक, तेच नाणे खोटे पाडण्याचा मोह होतो. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक साधा प्रश्न ठेवीत आहोत. ज्याला नाही म्हणण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याच्या हातून घडते ती सेवा म्हणावी की वेठ? हा प्रश्न कोण्या सावकाराच्या वाड्यातील गड्याविषयी नाही. आपल्याच घरातील आठ-दहा वर्षांच्या लेकराविषयी आहे.

एक घर डोळ्यांपुढे आणा. असे घर पंचक्रोशीत कुठेही सापडेल. थोरला मुलगा जन्मापासून पांगळा. मान नीट धरत नाही, बोल फुटत नाही, घास भरवावा लागतो. त्याच्या पाठची बहीण नऊ वर्षांची. बाप कामावर, आई चुलीपाशी नाही तर शेतात. दादाला घास भरविणे, त्याची लाळ पुसणे, त्याला कुशीवर वळविणे हे या मुलीकडे. दादाला तालुक्याला दवाखान्यात न्यावयाचे असले म्हणजे तिची शाळा बुडते, कारण पिशवी धरायला कोणी तरी हवे. पाहुणे येतात, बघतात आणि म्हणतात, "किती गुणी पोर हो! नशीब काढलंत." आई डोळ्यांना पदर लावून म्हणते, "खरंच हो, तिची म्हणून कधी तक्रार नाही." सगळे समाधान पावतात. "बाळ, तू आज खेळलीस का?" एवढे मात्र तिला कोणी विचारीत नाही.

२०११ च्या शिरगणतीत आपल्या देशात अपंग, ज्यांस हल्ली दिव्यांग म्हणतात, अशा व्यक्ती सुमारे २ कोटी ६८ लाख भरल्या. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. त्यांच्या पाठीपोटी जन्मलेली भावंडे किती, याचा रकाना शिरगणतीत नाही. आईबापांचे दुःख जगाला दिसते, आणि ते दिसलेच पाहिजे. मुंबईत जय वकील यांच्या नावाची शाळा १९४४ साली निघाली ती आईबापांच्याच कळवळ्यातून. १९७२ साली मिठू आलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलांसाठी मुंबईत संस्था काढली, तीही स्वतःच्या लेकीला शिकता यावे या ध्यासातून. आईबाप बोलले म्हणून शाळा निघाल्या. भावंड बोलत नाही, म्हणून त्याचे काहीच निघाले नाही. रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही म्हणतात, आणि हे मूल तर रडणेच विसरलेले असते.

मग त्याच्या मनात असते तरी काय? पहिली गोष्ट भय. "दादाला झालं तसं मलाही होईल का?" हा प्रश्न मूल रात्री अंथरुणात स्वतःला विचारते, मोठ्यांस विचारीत नाही. दुसरी गोष्ट अपराधाची बोच. आपण एकदा दादाशी भांडलो, रागाने काही बोललो, म्हणून तर त्याला असे झाले नाही ना? किंवा, तो पडून राहतो आणि आपण पळतो, हेच आपले पाप नाही ना? तिसरी लाज. मैत्रिणींना घरी बोलवावे की नाही, दादा मोठ्याने ओरडला तर त्या हसतील का? चौथा राग. घरात पैसा, वेळ आणि लाड सगळे एकाच अंथरुणाकडे जातात, याचा राग. पाचवी गोष्ट पहिल्या नंबराची सक्ती. तो शिकणार नाही, म्हणून दोघांच्या वाटचे तूच शिक. आणि सहावी, या सर्वांच्या तळाशी, एकटेपण. आपल्यासारखे दुसरे मूल या जगात कुठे असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

यांतील भयावर आणि बोचणीवर सर्वांत सोपे औषध सत्य हेच आहे, आणि तेच आपण देत नाही. उलट कोणी तरी ओटीवर बसून म्हणतो, "मागल्या जन्मीचं काही तरी असणार." ते ऐकून आईचे काळीज फाटते. मुलाचे काळीज त्याहून अधिक, कारण मूल शब्द खरे मानते. वाचकहो, मंगोल चेहऱ्याचे म्हणून ज्या मुलांना पूर्वी ओळखीत, त्यांच्या पेशींत एकविसाव्या जातीचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, हे १९५९ साली जेरोम लेज्यून या फ्रेंच वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडले. मेंदूच्या पक्षाघाताचे कारण बाळाच्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच झालेली इजा अथवा मेंदूची घडण नीट न होणे हे असते. यांतले काहीही शिवल्याने लागत नाही, भांडल्याने होत नाही, कोणाच्या शापाने उतरत नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्नायू झिजविणारे काही रोग हे मात्र रक्ताच्या नात्यात उतरू शकतात. तेथेही मुलाला अंधारात ठेवू नये. वयात आल्यावर वैद्याकडे नेऊन तपासून घ्यावे आणि जे असेल ते त्याच्या समजुतीप्रमाणे सांगावे. मूल खऱ्या गोष्टीला जितके भिते, त्याच्या दसपट न सांगितलेल्या गोष्टीला भिते.

आता स्तुतीविषयी. हे आमचे म्हणणे प्रथम काहींना विचित्र वाटेल. चांगल्या मुलाला चांगले म्हणण्यात वाईट काय? वाईट इतकेच की ती स्तुती कुलुपाचे काम करते. ज्या मुलीला गावाने गुणी ठरविले, ती "मला आज कंटाळा आला" असे कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हटले तर गुणीपण जाते, आणि गुणीपणाखेरीज त्या घरात तिच्या वाट्याला दुसरे काही आलेलेच नसते. म्हणून ती गप्प राहते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. येथे दाबणारा हात मऊ असतो, एवढाच फरक.

येथे कोणी शंका घेईल: "पुंडलिकाने आईबापांची सेवा केली, म्हणून तर परब्रह्म विटेवर उभे राहिले. तुम्ही तर सेवेलाच वेठ म्हणू लागलात." शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच कथेत आहे. पुंडलिक जाणता पुरुष होता. कथा असे सांगते की आधी तो आईबापांकडे पाठ फिरवून वागत होता, मग त्याला उपरती झाली आणि तो सेवेस लागला. म्हणजे सेवा न करणे त्याला ठाऊक होते. दोन्ही वाटा त्याच्यापुढे मोकळ्या होत्या आणि त्यांतील एक त्याने आपण होऊन धरली. त्या धरण्यातच त्याचे थोरपण आहे. नऊ वर्षांच्या पोरीपुढे दुसरी वाट कोणी ठेवली? जिला दुसरी वाट नाही, तिच्या चालण्याला निष्ठा म्हणून मिरविणे म्हणजे तिचे श्रमही घ्यावयाचे आणि तिचे पुण्यही हिरावून घ्यावयाचे, असे होते. सेवा गोड व्हावयाची तर तिला मोकळीक हवी.

आणखी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाही तर आमच्या लिहिण्याचा अनर्थ होईल. पांगळे मूल हे ओझे, असे आम्ही म्हणत नाही. ते लेकरू ओझे नव्हे. ओझे आहे ते एकट्याने वाहण्याचे. अशा घरांत वाढलेली पुष्कळ माणसे पुढे सांगतात की धीर आम्ही दादापासून शिकलो, न बोलणाऱ्याचे मन ओळखायला आम्ही ताईपाशी शिकलो. त्यांतली कित्येक पुढे शिक्षक, वैद्य, परिचारिका होतात, आपल्या भावंडाच्या हक्कासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितात. हे सोने खरे आहे. पण सोने निघते म्हणून मुलाला भट्टीत टाकावे, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय त्या पांगळ्या मुलाचाही विचार करा. त्याला घरात आई आहे, वैद्य आहे, भरविणारे हात आहेत. त्याला उणीव आहे ती बहिणीची. चिडविणारी, रुसणारी, त्याच्या वाटीतला लाडू पळविणारी बहीण त्याला हवी आहे. तिला आपण धाकटी दाई करून टाकले, म्हणजे त्याची बहीण आपणच हिरावली.

हा विचार घराच्या उंबरठ्याबाहेर आणून त्याला रूप देण्याचे काम जेथे झाले, तेथील हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत सिएटल नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठात डोनाल्ड मायर हे गृहस्थ अपंग मुलांच्या घरातील मागे राहिलेल्या माणसांसाठी, म्हणजे बाप, भावंडे, आजी-आजोबा यांच्यासाठी, काम करीत. त्यांनी १९८२ साली अशा भावंडांचा एक मेळावा सुरू केला आणि त्याला 'सिबशॉप' हे नाव दिले. १९९० पासून त्याच कामासाठी वेगळा प्रकल्प उभा राहिला, आणि आज अनेक देशांत शेकडो ठिकाणी असे मेळावे भरतात. ऑस्ट्रेलियात १९९९ साली आणि इंग्लंडात २००१ साली केवळ भावंडांसाठी म्हणून संस्था निघाल्या. इंग्लंडात तर २०१४ च्या कायद्याने असे ठरविले की घरात कोणाची शुश्रूषा करणारे मूल अठरा वर्षांच्या आतील असेल, तर त्याला स्वतःला कशाची गरज आहे याची चौकशी तेथील स्थानिक सरकारने करावी.

या मेळाव्यात करतात काय? ऐकून नवल वाटेल, बहुतेक वेळ खेळतात! साधारण आठ ते तेरा वर्षांची मुले काही तास एकत्र जमतात. धावाधाव, हसणे, मिळून काही रांधणे आणि खाणे. मधूनमधून बसून बोलणे. एका खेळात एका कल्पित मावशीला आलेली पत्रे वाचून दाखवितात. पत्रात एखादे मूल आपली अडचण सांगते, भाऊ माझ्या वह्या फाडतो आणि आई त्यालाच जवळ घेते, अशा धर्तीची. मग जमलेली मुलेच मावशीच्या वतीने सल्ला देतात. ज्याला घरी कोणी विचारीत नव्हते, तो येथे जाणता ठरतो. हा उपचार नव्हे, ही शाळाही नव्हे. "माझ्या घरी पण असंच आहे" असे दुसऱ्या मुलाच्या तोंडून ऐकणे, एवढाच त्यातला प्रसाद. पण त्या एका वाक्याने वर्षानुवर्षांचे एकटेपण सैल होते.

तुम्ही म्हणाल, सिएटल कुठे आणि आपले गाव कुठे! पण हे शहाणपण आपल्याला परके नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा कशी चालते ते आठवा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. परंतु ती सात दिवस एकाच्याच गळ्यात राहते का? नाही. आधी पहाऱ्याची यादी लागते. ज्याचे त्याने नाव सांगावयाचे, ज्याची त्याने वेळ घ्यावयाची. वेळ भरली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. उतरणाऱ्याला कोणी म्हणत नाही की तुझी भक्ती कमी पडली. तो जाऊन जेवतो, झोपतो, आणि पुढल्या पहाऱ्याला टवटवीत येतो. अखंडपण साधते ते पाळीने. आता ज्या घरात अशी सेवा अखंड चालली आहे, तेथे जाऊन पाहा. यादी नाही, पाळी नाही, नाव कोणी विचारले नाही. वीणा एका लेकराच्या गळ्यात अडकवून सारा गाव प्रसादाला निघून गेला आहे. मग ती दोरी गळ्याला काचते, यात दोष वीणेचा नाही आणि लेकराचाही नाही.

आईबापांना दोष देण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. त्यांचे हात दोनच आणि दिवस चोवीस तासांचाच. पण काही गोष्टी अशा आहेत की त्यांना पैसा लागत नाही. आठवड्यातून एक तास असा ठेवावा की तो फक्त धडधाकट मुलाचा, त्यात दादाचा विषय नाही, दादाचे काम नाही. मूल रागावले तर "असं बोलू नये, तो बिचारा आहे" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. "तुला राग आला, खरं आहे, मलाही कधी कधी येतो" असे आईने म्हटले, तर तो राग तेथेच विरघळतो. काम सांगावयाचे ते वयाला पेलेल एवढे, आणि शाळा बुडवून नव्हे. मुलीवरच सारे घालू नये. मुलगा असला म्हणजे "तो काय करणार, त्याला समजत नाही" म्हणावयाचे आणि मुलगी असली म्हणजे ताटवाटी तिच्या हाती द्यावयाची, हा न्याय देवाच्या घरचा नाही. आणि मुलगी पाहायला पाहुणे यावयाचे म्हणून भावाला मागल्या खोलीत दडवू नये. त्या दिवशी दार एकावरच लागत नाही. बहीणही मनाने त्याच खोलीत कोंडली जाते.

सर्वांत जपण्याची गोष्ट वचनाची. "आमच्या मागं याचं तूच बघायचं हं," असे म्हणून लहान मुलाचा हात आपल्या हातात घेऊन वचन घेतात. आईबापांच्या पोटातली आग आम्ही जाणतो. 'आमच्या मागे याचे काय' या एका विचाराने त्यांना रात्ररात्र झोप नसते. पण दहा वर्षांच्या मुलाकडून साऱ्या आयुष्याचे वचन घेणे म्हणजे ज्याला अजून अक्षर लावता येत नाही त्याचा अंगठा कागदावर उठविणे होय. त्यापेक्षा स्वतः हातीपायी धड आहात तोवर तजवीज करावी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आपल्या देशात १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे. अशी व्यक्ती अठरा वर्षांची झाली म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज आईबाप करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदलेली संस्थाही करू शकते. याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविम्याची योजना आहे, तीत १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय होते. हे कागद आज करून ठेवावेत, आणि भावंड मोठे झाले म्हणजे त्याला जवळ बसवून विचारावे: "यातलं तुला काय झेपेल? बाकीचं आम्ही दुसरीकडे बघतो." असे विचारल्यावर बहुतेक भावंडे पुढेच येतील, असा आमचा विश्वास आहे. पण ती आपल्या पायांनी येतील.

आता आपल्या भजनी मंडळांस एक विनंती. सप्ताहाच्या दिवसांत किंवा एखाद्या सुट्टीच्या दिवशी मंदिराचा सभामंडप दुपारी रिकामा असतो. पंचक्रोशीतील अशी आठ-दहा भावंडे तीन तास एकत्र आणावीत. बरोबर दोन जाणती माणसे असावीत, आणि त्यांतला एक जण स्वतः अशाच घरात वाढलेला मिळाला तर फार उत्तम. आधी लगोरी, विटीदांडू, हुतूतू होऊ द्यावे. मग मुलांनीच कालवलेला चिवडा सर्वांनी मिळून खावा. मग गोल करून बसावे, ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे, ज्याला गप्प बसावेसे वाटेल त्याने गप्प बसावे. मूल जे बोलेल ते मंडपाबाहेर न्यावयाचे नाही. मात्र मुलाला कोणी इजा करीत आहे असे कळले, तर ते झाकावयाचेही नाही. उपदेश करू नये, कीर्तन तर मुळीच लावू नये. आणि हात जोडून सांगतो, त्यांचा सत्कार करू नये! नारळ, शाल आणि व्यासपीठ यांनी ते कुलूप पुन्हा लागेल. त्या तीन तासांत घरी दादापाशी कोणी तरी बसले पाहिजे हे उघडच आहे. ते मंडळातल्यांनी आपसांत पाळी लावून करावे. वीणेच्या यादीशेजारी ही दुसरी यादी लागली, तर पांडुरंग त्यावर रागावेल असे आम्हांस वाटत नाही.

आळंदीच्या चार भावंडांची कथा आपण सारे जाणतो. आईबाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेले, आणि वये कोवळी. ज्ञानदेव खिन्न होऊन ताटी लावून बसला, तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्याला समजाविले आणि त्याने ताटी उघडली, असे परंपरा सांगते. या कथेतील मुक्ताईचे शहाणपण आपण नेहमी वाखाणतो. तिच्या घरात धाकट्याचे बोलणे ऐकून घेण्याची रीत होती, याकडेही एकदा लक्ष द्यावे. आपल्या घरांतल्या मुक्ताया गप्प आहेत, कारण ताटी त्यांनी लावलेली नाही, ती आपण लावली आहे. ती बाहेरून उघडावयाची आहे. त्यासाठी आज संध्याकाळी एवढेच करावे: दादाचे जेवण झाले की त्या मुलीला जवळ बोलवावे, तिच्या हातातली वाटी काढून घ्यावी आणि म्हणावे, "जा बाळ, खेळून ये. आता माझा पहारा."

रामकृष्णहरी.